गारद : एका परक्या शब्दाची राखण

मराठी वृत्तपत्राच्या क्रीडापानावर एकाच वृत्तान्तात दोन शब्द पुष्कळदा शेजारी येतात. सामन्याच्या आरंभी सलामीचा फलंदाज पंचांकडून 'गार्ड' घेतो. दिवस मावळण्यापूर्वी त्याचा संघ शंभराच्या आत 'गारद' होतो. वाचकाला यात काहीच वावगे वाटत नाही. पहिला शब्द रक्षणाचा, दुसरा विनाशाचा. दोन्ही उच्चाराने इतके जवळचे, की भाषेने हा विनोद जाणूनबुजून केला असावा असे क्षणभर वाटावे. आणि 'गारद' या शब्दाला 'पहारा' असाही अर्थ आहेच. पोलिसांच्या दप्तरात आजही सशस्त्र गारद तैनात होते, कोषागाराला गारद दिली जाते. म्हणजे गारद असते तेव्हा वास्तू सुरक्षित असते, आणि माणूस गारद होतो तेव्हा तो उरत नाही.

कोशकाराच्या लेखी हा प्रश्न सोपा आहे. ते दोन वेगळे शब्द आहेत. पहाऱ्याचा अर्थ देणारा 'गारद' युरोपीय. इंग्रजीतील 'गार्ड', फ्रेंचमधील 'गार्द', पोर्तुगीजमधील 'ग्वार्दा' ही त्याची सख्खी भावंडे. नाशाचा अर्थ देणारा 'गारद' अरबी. लूट, धाड, छापा हे अर्थ असणारा 'गारत' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि त्याच्या अंत्य 'त'चा 'द' झाला. एकाचे कूळ पश्चिमेकडचे, दुसऱ्याचे अरबस्थानातले. मराठीच्या अंगणात दोघांची गाठ पडली, एवढाच काय तो योगायोग. व्युत्पत्तिशास्त्राचे काम येथे संपते. परंतु शब्द वापरणारा समाज व्युत्पत्ती पाहून शब्द वापरीत नाही, आणि योगायोग म्हणून जे भाषेत शिरते ते योगायोग म्हणूनच राहते असेही नाही. पुण्याच्या इतिहासात या योगायोगाला एक दिवस असा अर्थ लाभला, की त्यानंतर हे दोन शब्द कानाला वेगळे करणे कठीण झाले.

'गार्ड' या शब्दाच्या मुळाशी रक्षण नाही, पाहणे आहे. जर्मानिक भाषांतील सावधपणे पाहण्याचा, लक्ष ठेवण्याचा अर्थ देणारे मूळ फ्रेंचमध्ये गेले आणि तेथे त्याच्या आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला. इंग्रजीपाशी घरचा 'वॉर्ड' होताच. फ्रेंचच्या वाटेने 'गार्ड'ही आला. आज पुण्यात रुग्णालयाचा वॉर्ड असतो, महापालिकेचा वॉर्ड असतो, वसतिगृहाला वॉर्डन असतो आणि बँकेच्या दाराशी गार्ड असतो. हे सारे एकाच घराण्यातले आहेत, याची जाणीव बोलणाऱ्याला नसते. पत्राच्या शेवटी लिहिले जाणारे 'रिगार्ड्‌स' हेही त्याच घराण्यातले. तेथे पाहण्याचा अर्थ आदराने पाहण्यापर्यंत पोचला. पाहणारा तो राखणारा, अशी या शब्दाची धारणा आहे.

मराठीची जुनी धारणा थोडी निराळी आहे. 'पहारा' हा 'प्रहर' या कालवाचक शब्दातून आला; रात्रीचे भाग पाडून जो जागतो तो पहारेकरी. गावगाड्यातला 'जागल्या' तर आपल्या जागेपणावरूनच ओळखला जाई. 'वेसकर' त्याच्या जागेवरून, म्हणजे वेशीवरून ओळखला जाई. कोकणात गावाचा 'राखणदार' अदृश्य असतो. त्याला नारळ द्यावा लागतो. यांपैकी एकाही शब्दात शस्त्र नाही. रक्षण ही येथे आधी जागण्याची, हजर असण्याची आणि ठाऊक असण्याची क्रिया आहे. वेसकर गावातल्या प्रत्येकाला ओळखतो, म्हणूनच परका कोण ते त्याला कळते. त्याच्या वाट्याला ही जबाबदारी जातीने आली होती आणि तिचा मोबदला अपुरा व अपमानास्पद होता, हे विसरून या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सांगायचे ते इतकेच, की हे सारे शब्द गावाच्या आतले होते. त्यांना मूळ होते, नातलग होते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर या शब्दसमूहात 'गारदी' आला, तो मात्र बाहेरचा. दक्षिणेत फ्रेंचांनी एतद्देशीय शिपायांना युरोपीय धर्तीची कवायत शिकवून पायदळाच्या पलटणी उभ्या केल्या. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान निजामाची चाकरी सोडून पेशव्यांकडे आला, आणि त्याच्याबरोबर कवायती पायदळ व तोफा आल्या. म्हणून मराठी 'गारदी'चे नाते इंग्रजी 'गार्ड'पेक्षा फ्रेंच 'गार्द'शी अधिक जवळचे मानणे सयुक्तिक ठरते. इंग्रजी 'गार्ड' मागाहून, आगगाडीबरोबर, आपल्या स्वतंत्र रूपात आला. गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता, प्रांतही नव्हता. तो पेशा होता. रोख पगारावर, ठरावीक कवायतीने, बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे गारदी. वतन नाही, गाव नाही, करार आहे. जागल्या आणि वेसकर यांच्यापासून त्याला वेगळे करणारी हीच गोष्ट.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारदी आणि त्याच्या पलटणी जिवाच्या कराराने लढल्या. रोहिल्यांची त्यांनी मोठी हानी केली. इब्राहिमखान जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. पगारी माणसाची निष्ठा कोठवर जाऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण त्या शतकात शोधूनही सहज सापडणार नाही. त्या दिवशी शब्दाची वाटचाल थांबली असती, तर 'गारदी' हा मराठीत शेवटपर्यंत न हटणाऱ्याचा पर्याय झाला असता. 'तो गारद्यासारखा उभा राहिला' असे वाक्य आज शाळेच्या पुस्तकात सापडले असते.

पण तसे घडले नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्याच्या शनिवारवाड्यात पेशव्यांच्याच चाकरीतील गारदी थकलेल्या पगाराच्या निमित्ताने घुसले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून केला. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ ही त्यांच्या पुढाऱ्यांची नावे. ज्या चुलत्याकडे नारायणराव जीव वाचवण्यासाठी धावला, तो रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होता. 'नजरकैद' हा शब्दही येथे थांबून पाहण्यासारखा आहे. 'गार्ड'च्या मुळाशी असलेली नजर येथे कैद झाली आहे. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याला राखायचे आहे की रोखायचे, हे शब्द सांगत नाही. 'पाळणे' या मायेच्या क्रियापदाशेजारीच 'पाळत' उभी असते, तसेच हे.

या प्रसंगाने मराठीला दोन वाक्प्रयोग दिले. एक, 'काका, मला वाचवा'. रक्षणाची याचना जिथे करायची तिथेच संकटाचे मूळ असावे, या अनुभवाला मराठीत आता दुसरे वाक्य लागत नाही. दुसरा, 'ध चा मा करणे'. मूळ हुकमात 'धरावे' होते, त्यातले एक अक्षर बदलून 'मारावे' केले गेले आणि ते आनंदीबाईने केले, ही आख्यायिका पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. तिचा ऐतिहासिक कस कमी असला तरी तिचे भाषिक महत्त्व मोठे आहे. धरणे आणि मारणे यांत एका अक्षराचेच अंतर असते, ही लोकांची धारणा तिच्यात बोलते. आणि ही कथा सांगणाऱ्या समाजाच्याच तोंडी पहारा आणि नाश यांत एवढेही अंतर उरले नव्हते. 'गारद' आणि 'गारद' ही दोन्ही रूपे अक्षरशः एकच झाली होती.

येथे एका जुन्या वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कार्ल आबेल या भाषाभ्यासकाच्या विवेचनाचा आधार घेऊन फ्रॉइडने १९१० साली असे प्रतिपादन केले, की अतिप्राचीन शब्दांत परस्परविरोधी अर्थ एकत्र नांदत असत आणि स्वप्नातही विरोधाला जागा नसते ती याच कारणाने. १९५६ साली एमिल बेनव्हेनिस्त यांनी या मांडणीतली भाषाशास्त्रीय बाजू तपासली आणि ती टिकत नाही असे दाखवले. आबेलने एकत्र आणलेले शब्द पुष्कळदा एका मुळाचे नव्हतेच. 'गारद'च्या बाबतीत बेनव्हेनिस्त यांचाच पक्ष खरा. येथे आदिम द्वंद्वार्थ नाही. दोन परके शब्द अपघाताने एकरूप झाले आहेत. तरीही फ्रॉइडचा प्रश्न संपत नाही, फक्त त्याची जागा बदलते. द्वंद्व शब्दाच्या जन्मात नसले तरी त्याच्या चरित्रात येऊ शकते. व्युत्पत्ती वेगळी असतानाही स्मृती एक होऊ शकते, आणि अर्थनिर्णयाच्या वेळी कान व्युत्पत्तीपेक्षा स्मृतीचे अधिक ऐकतो.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो अधिक अवघड आहे. रक्षकाने भक्षक होण्याची ही काही एकच घटना नाही. तरी प्रत्येक वेळी रक्षकवाचक शब्द नासत नाही. असे का?

पुण्यातलेच दुसरे उदाहरण घेता येईल. 'कोतवाल' हा शब्द 'कोट्टपाल' यापासून आला. कोटाचे पालन करणारा तो कोतवाल. १७९१च्या ऑगस्टमध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतप्त जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकाने ही घटना जगाच्या रंगभूमीवर नेली. तरीही 'कोतवाल' हा शब्द शिवी झाला नाही. महसूल खात्यातल्या गावपातळीवरच्या सेवकाला त्यानंतरही दीर्घकाळ हेच नाव होते. बदनामी सारी 'घाशीराम' या विशेषनामाने अंगावर घेतली. १७७३च्या खुनाला असे एक नाव, एक चेहरा मिळाला नाही. रघुनाथराव, आनंदीबाई यांच्या वाट्याला कटाचा दोष आला. खाडिलकरांच्या १९०९ सालच्या 'भाऊबंदकी'ने तो घरातल्या कलहाच्या नावाने रंगभूमीवर मांडला. हत्यार चालवणारे हात मात्र अनेक होते, आणि त्या हातांना समाजाने पेशाच्याच नावाने ओळखले. सुमेरसिंग विस्मरणात गेला; 'गारदी' राहिला.

अलीकडचे उदाहरण ३१ ऑक्टोबर १९८४चे. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची हत्या त्यांच्या स्वतःच्या अंगरक्षकांनी केली. शनिवारवाड्याच्या घटनेशी याचे साम्य उघड आहे. परंतु 'अंगरक्षक' हा शब्द त्या दिवसानंतर डागाळला नाही. त्याचे एक कारण शब्दाच्या घडणीत सापडते. 'अंगरक्षक' हा पारदर्शक समास आहे. 'अंग' आणि 'रक्षक' ही दोन्ही पदे बोलणाऱ्याला दिसत असतात. घटना कितीही भीषण असली तरी ती पदे आपला अर्थ पुन्हा पुन्हा सांगत राहतात. शब्दाचे नातलगच त्याची राखण करतात. 'गारदी'ला मराठीत असा नातलग नव्हता. त्याच्यात 'रक्ष्' दिसत नव्हता, 'राखणे' ऐकू येत नव्हते, 'पहारा' नव्हता. ज्याचा अवयवार्थ समाजाला कळत नाही अशा शब्दाला घटना दत्तक घेते. आणि शेजारी राहणारा एकमेव समध्वनी नातलग कोणता, तर नाश सांगणारा 'गारद'. अनाथ शब्द त्या घरी गेला, यात नवल नाही.

याच्या उलट बाजू 'रक्ष्' धातूच्या कुळात पाहता येते. विनाश त्या कुळातही आहे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात राक्षसांच्या नावाची कथा येते. ब्रह्मदेवाने पाणी निर्माण केले आणि त्याच्या रक्षणासाठी प्राणी निर्माण केले. त्यांतले जे 'आम्ही रक्षण करू' म्हणाले ते राक्षस झाले. या कथेप्रमाणे राक्षस हे मुळात पहारेकरीच. मराठीत तर चितेच्या राखेलाही आपण 'रक्षा' म्हणतो. पण म्हणून 'रक्षण' बिघडले नाही. राखी, राखण, राखीव, रखवाली, संरक्षण, आरक्षण असा मोठा परिवार मध्ये उभा आहे. एका शब्दाला ग्रहण लागले तरी बाकीचे प्रकाश देत राहतात. मराठीने 'संरक्षण' या एकाच शब्दावर सैन्याचे खाते आणि ग्राहकाचा हक्क असे दोन्ही भार टाकले, तरी तो वाकला नाही. मोठ्या कुटुंबातल्या माणसासारखे काही शब्दांचे असते; त्यांचे दोष घरात मुरतात. एकट्याचे दोष रस्त्यावर येतात.

'गारदी'चा अर्थ असा पालटला, याने नुकसान कोणाचे झाले? शब्दाचे झाले, असे म्हणणे ही अलंकारिक भाषा झाली. नुकसान झाले ते पानिपतावर पडलेल्यांचे. इब्राहिमखानाच्या नावापुढे 'गारदी' लागतो आणि आजच्या वाचकाला आधी शनिवारवाडा आठवतो. भाडोत्री मारेकऱ्यांसाठी राजकीय लेखनात 'गारदी' हा शब्द सर्रास येतो. तो लिहिणाऱ्याच्या मनात नारायणराव असतो, पानिपत नसते. बारा वर्षांच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांपैकी भाषेने दुसरी ठेवली आणि पहिली टाकली. भाषा समाजाची स्मृती जपते असे आपण म्हणतो. ती निवडून जपते, आणि निवडीत न्याय असतोच असे नाही. पगार थकलेला असतानाही न फिरलेल्या कित्येक शिपायांची तर नोंदच या शब्दात नाही.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा असता तर कोशाच्या एका पुरवणीत तो मिटला असता. पण 'गार्ड' मराठीत पुन्हा पुन्हा येत राहिला. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात हिरवे आणि लाल निशाण घेऊन तो उभा राहिला. २०२२च्या जानेवारीत रेल्वेने त्याचे पदनाम 'ट्रेन मॅनेजर' केले. १९४६ साली मुंबई प्रांतात 'होमगार्ड' आला, त्याला 'गृहरक्षक' हे घरचे नाव मिळाले. सायकलींच्या पुण्यात चिखल अडवणारा 'मडगार्ड' पोरासोरांच्या तोंडी बसला. गेल्या काही दशकांत गृहसंकुलांच्या फाटकांवर 'सिक्युरिटी गार्ड' आला आणि लवकरच त्यातला 'गार्ड' गळून पडला. राहिली नुसती 'सिक्युरिटी'. 'सिक्युरिटीला विचारा', 'सिक्युरिटी झोपला होता', 'रात्रीची सिक्युरिटी बदलली' अशी वाक्ये कोथरूडपासून बाणेरपर्यंत कोणत्याही फाटकावर ऐकू येतात. भाववाचक नाम माणसाला घातले गेले आहे. त्याचे लिंगही स्थिर नाही. कधी तो, कधी ती. जे आपल्याला हवे आहे त्याचेच नाव आपण त्या माणसाला दिले, आणि त्याचे स्वतःचे नाव विचारण्याची गरज उरली नाही. वेसकर गावातल्या सर्वांना ओळखत असे आणि गाव त्याला ओळखत असे. येथे तो सर्वांच्या गाड्यांचे क्रमांक ओळखतो; त्याला कोणी ओळखत नाही.

शासकीय मराठीने यासाठी 'सुरक्षारक्षक' हा शब्द चालवला. काटेकोर वाचक त्यात द्विरुक्ती दाखवील; 'रक्षा' एकदा आलीच आहे, पुन्हा 'रक्षक' कशाला? परंतु महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी कायदा केला, हे ध्यानात घेतले म्हणजे ती द्विरुक्ती निरर्थक वाटत नाही. राखणाऱ्यालाही राखावे लागते, ही गोष्ट त्या कायद्याने मान्य केली. पगार वेळेवर मिळणे हा रक्षणाचाच भाग आहे, हे १७७३ साली पुण्याने फार मोठी किंमत देऊन शिकायला हवे होते. गारद्यांच्या क्रौर्याचे समर्थन त्याने होत नाही. पण थकलेला पगार ही त्या कथेतली गोष्ट आपण नेहमी घाईने ओलांडतो आणि अक्षराच्या फेरफाराशी रेंगाळतो, हेही खरे.

एखाद्या संकुलात चोरी झाली, की पहिला संशय फाटकावरच्या माणसावर जातो. पुरावा लागत नाही. 'तो बाहेरचाच ना' एवढे पुरते. 'गारदी' हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नाही; बहुतेकांना तो आठवतही नसतो. तरी त्या शब्दाने अडीचशे वर्षांपूर्वी घालून दिलेली वाट तीच असते : पगारी, परका, दाराशी उभा, म्हणून संशयित. शब्द विस्मरणात गेला तरी त्याचा अर्थ कामावर असतो.

याच सुमारास ढोलताशांच्या पथकांतून 'शिवगारद' म्हणून बिरुदावलीची ललकारी दिली जाते आणि तरुण मुले ती अंगावर शहारा येईतो ऐकतात. 'गारद'ला तेथे पुन्हा मान मिळाला आहे. त्या मुलांपैकी कोणाला क्रीडापानावरचा 'गारद' त्या क्षणी आठवत नाही, वाड्यातला 'गारदी'ही नाही. अनाथ शब्दालाही नवे घर मिळू शकते, असे यावरून म्हणता येईल. मात्र ते घर घटनेने नव्हे, वापराने बांधावे लागते, आणि त्याला वेळ लागतो.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून बसवलेले अणकुचीदार खिळे आजही आहेत. सारे बाहेरच्या बाजूला तोंड करून. वाडा आता संरक्षित स्मारक आहे. संध्याकाळी पाहुण्यांची वेळ संपली की पहारेकरी शिट्टी वाजवीत जोत्यांमधून फिरतो, मागे रेंगाळणाऱ्यांना बाहेर काढतो. येथे अमावस्या-पौर्णिमेला किंकाळी ऐकू येते का, असे त्याला जवळजवळ रोज कोणीतरी विचारते. त्याचे नाव काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.